कझाकस्तानचा गरुड आणि गोवंडीची हद्द

शुक्रवारी संध्याकाळी मी मुलुंडच्या घरी माथेरानसाठी बॅग भरत होते, तेवढ्यात आयगुलचा मेसेज आला. जुन्या वाचकांना आयगुल आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी मी कझाकस्तानला गेले होते, तेव्हा तिथल्या अफाट माळावर आम्हाला तीन दिवस फिरवणारी पक्षीसंशोधक. उन्हानं रापलेली, हसली की डोळे पूर्ण मिटणारी. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की स्टेप ईगल नावाचा तिकडचा मोठा तपकिरी गरुड जगात झपाट्यानं कमी होतो आहे. तो हिवाळ्यात आपल्याकडे येतो. आयगुलसारखी माणसं पिल्लांच्या पाठीवर दप्तरासारखं छोटं यंत्र बांधतात आणि ती कुठे जातात, कशानं मरतात ते बघतात. यंत्र उन्हावर चालतं आणि मोबाईलच्या नेटवर्कमधून आपली जागा कळवतं.

मेसेजमध्ये नकाशा होता. तिची एक तरुण मादी नोव्हेंबरात कच्छमध्ये उतरली होती आणि तिथून का कोण जाणे, मुंबईत आली होती. गेले अकरा दिवस तिचे सगळे ठिपके गोवंडीला, डंपिंग ग्राउंडच्या आसपास. मग संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून ती एकाच जागी. आणि आज दुपारी ती निघाली, ती थेट घाटकोपर, असल्फा, साकीनाका करत मरोळपर्यंत. तिथे शेवटचा ठिपका, पुढे काही नाही. आयगुलनं विचारलं होतं की तुझ्या शहरात असा कुठला डोंगर आहे का, ज्याच्या कडेनं गरुड असा वळत वळत उडेल?

डोंगर कसला, तो अंधेरी-घाटकोपर लिंक रोड होता. मधे एका जागी नऊ मिनिटं थांबलेला ठिपका म्हणजे साकीनाक्याचा सिग्नल. गरुड सिग्नलला थांबत नाही. त्याला कोणीतरी रिक्षात घालून नेलं होतं.

माथेरान रद्द झालं. मी पहिल्यांदा वन्यजीवांच्या मदतीसाठी असलेल्या एका सरकारी क्रमांकावर फोन लावला. त्यांनी विचारलं, पक्षी कुठे आहे? मी म्हटलं, बहुतेक मरोळला. त्यांनी मला दुसरा नंबर दिला. दुसऱ्यानं विचारलं, सापडला कुठे? म्हटलं, गोवंडीला. मग तिकडे सांगा. तिकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, तो आता मरोळला आहे ना, मग आमची हद्द नाही. पाचव्या फोननंतर मी पुन्हा पहिल्या माणसाकडेच पोचले. त्यानं मला आवाजावरून ओळखलं.

हे सगळं आमच्या मजल्यावरच्या सावंत काकांनी दारात उभं राहून ऐकलं. काका बेस्टमधून रिटायर झालेले, मूळ मालवणकडचे, आणि भांडुपच्या खाडीवर पक्षी बघायला मला पहिल्यांदा नेलं ते त्यांनीच. म्हणाले, "चेडू इतक्या लांबसून इला, आणि ह्यांका हद्द व्हयी. उद्या सकाळी निघूया गो." (चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे आपली गरुडीण.)

शनिवार: मुलुंड ते गोवंडी

ज्यांना हा प्रवास करायचा असेल (कोणाला करावासा वाटेल असं नाही, पण लिहिते) त्यांच्यासाठी: मुलुंडहून रिक्षानं ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे पकडा आणि सकाळी साडेसातच्या आत निघा. आम्ही साडेआठला निघालो आणि विक्रोळीपासून घाटकोपरपर्यंत अशी वाट लागली की काकांनी सगळा पेपर वाचून घडी घालून ठेवला. पुढे मानखुर्दकडे जाणारा लिंक रोड. तिथे रिक्षावाला म्हणाला, आत नाही येणार, गल्लीत रिक्षा वळत नाही. ते खरं होतं.

एकाच जागचे ते ठिपके डंपिंगच्या भिंतीलगतच्या वस्तीत पडत होते. वास मी वर्णन करत नाही. पण मान वर केली तर आभाळभर घारी. मी इतक्या घारी एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या. भिंतीपलीकडे कचऱ्याचा अख्खा डोंगर, त्याच्या माथ्यावर धूर, आणि प्रत्येक खांबावर, प्रत्येक तारेवर लोंबणारा मांजा. काळा, चमकणारा, नायलॉनचा. विक्रीला बंदी असलेला. काकांनी एक तुकडा हातात घेऊन ओढला आणि बोट कापून घेतलं.

आम्ही दोन तास विचारत फिरलो. मोठा तपकिरी पक्षी, पाठीवर काळी डबी. कोणी काही पाहिलं नव्हतं. एका भंगारवाल्यानं तर आम्हाला महापालिकेची माणसं समजून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. शेवटी काकांनी अक्कल लढवली. चहाच्या टपरीवर बसून त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. आपलं कापलेलं बोट दाखवत मांजाला शिव्या घालत राहिले. दहा मिनिटांत चार माणसं आपापल्या जखमा सांगायला लागली, आणि टपरीवाला म्हणाला की कांताबाईंनी तर परवा मांजातून केवढं मोठं गिधाड सोडवलं.

कांताबाई (नाव बदललं आहे, पुढे कारण येईल) भिंतीलगतच्या एका घरात राहतात. साठीच्या आसपासच्या, मूळ जालन्याकडच्या, तीसेक वर्षं या डोंगरावर कचरा वेचणाऱ्या. त्यांनी आम्हाला दारात उभं केलं आणि आधी विचारलं की आम्ही कोणाकडून आलो. मी फोनमधला आयगुलचा फोटो दाखवला. माळावर उभी, हातात नुकतंच पंख फुटलेलं पिल्लू, पिल्लाच्या पाठीवर तीच डबी. कांताबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं, मग आत बोलावलं.

संक्रांतीला तो पक्षी डोंगराच्या उतारावरच्या एका खांबाला उलटा लटकत होता. एक पंख मांजात गुंडाळलेला. कुत्री खाली गोळा झाली होती. कांताबाईंनी ओढणी त्याच्या तोंडावर टाकली, कोयत्यानं मांजा कापला आणि त्याला पोत्यात घालून घरी आणलं. दोन दिवस मोरीत ठेवला, कोंबडीची आतडी खायला घातली. तिसऱ्या दिवशी तो खाईना. शिवाय शेजारी कुजबुजायला लागले की असला पक्षी ठेवला तर जेल होते. डंपिंगवर जाणंच मना आहे, तर तिथून पक्षी आणला हे सांगायचं कोणाला? म्हणून जावयानं तो मरोळला नेला. जावई तिथे एका छपाईच्या कारखान्यात कामाला आहे, कारखान्याला रिकामी स्टोअररूम आहे.

"ताई, मेला असता तर मी गपचूप पुरला असता," कांताबाई म्हणाल्या. "पण तो माझ्याकडं बघत व्हता."

मी त्यांना शब्द दिला की त्यांचं नाव कुठेही येणार नाही. कसं ते मला तेव्हा अजिबात माहीत नव्हतं. जावयानं मात्र फोनवर आम्हाला उडवून लावलं, कसला पक्षी, कोण पक्षी, म्हणाला. कांताबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, जालन्याच्या भाषेत त्याला दोन मिनिटं काहीतरी सुनावलं आणि फोन परत दिला. उद्या अकराला या, तो म्हणाला.

जेवायला गोवंडी स्टेशनजवळ कबाब आणि पाव छान मिळतात. काकांचा शनिवार असल्यामुळे त्यांनी दोन केळी खाल्ली आणि माझ्या ताटाकडे बघत राहिले.

घरी येऊन आयगुलला कळवलं की आहे, जिवंत असावी. ती फोनवर रडली. मग लगेच तिनं विचारलं की कुठला पंख, डावा की उजवा, जखम खांद्याजवळ की टोकाला. तासाभरात तिनं मला एका ग्रुपमध्ये घेतलं. त्यात सात देशांची माणसं होती. कोणी उझबेकिस्तानातलं, कोणी ओमानमधलं, एक बाई राजस्थानातली. एकानं उपाशी गरुडाला काय भरवायचं ते लिहिलं, दुसरीनं पंख कसा बांधायचा त्याचं चित्र काढून पाठवलं. कोणी मला विचारलं नाही की मी कुठल्या हद्दीत राहते.

रविवार: घाटकोपर, मरोळ, बोरिवली

मरोळला जायचं तर घाटकोपरहून मेट्रो. वीस मिनिटांच्या आत मरोळ नाका, गार हवा, वरून साकीनाक्याचं ट्रॅफिक बघायची सोय. या अख्ख्या प्रवासात मला हाच एक टप्पा आवडला.

औद्योगिक वसाहत रविवारी अर्धी बंद असते. जावई, म्हणजे संतोष (हेही नाव खोटं), फाटकाशीच उभा होता. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा उतरलेला. त्यानं आम्हाला मागच्या जिन्यानं वर नेलं. कागदाच्या रिळांमागे, टीव्हीच्या मोठ्या खोक्यात ती बसली होती.

मी आयगुलच्या माळावर हे गरुड लांबून पाहिले होते, दुर्बिणीतून. दोन हातांवरून पहिल्यांदाच. कोंबडीपेक्षा थोडीशी मोठी असेल असं मला वाटलं होतं. ती खोक्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत होती. चोचीच्या कडेची पिवळी रेघ डोळ्याखालपर्यंत गेलेली. डावा पंख संतोषनं आपल्या जुन्या बनियनच्या पट्टीनं अंगाला बांधला होता, आणि बांधला होता व्यवस्थित. पाठीवर डबी तशीच. अंधारात राहिल्यामुळे ती बंद पडली होती, इतकंच.

मी पुन्हा फोन सुरू केले. यावेळी मरोळचा पक्का पत्ता होता, त्यामुळे मला वाटलं काम होईल. सांगितलं की गाडी पाठवतो. एक तास गेला, दोन गेले. तिसऱ्या तासाला मला उलट फोन आला की पक्षी भारतीय आहे का परदेशी? परदेशी पाळीव पक्ष्यांचं काम वेगळ्या विभागाकडे असतं. मी सांगितलं की तो पाळीव नाही, जंगली आहे, दर हिवाळ्यात येतो. मग भारतीय म्हणायचा का? मी म्हटलं, दोन्हीकडचा म्हणा. तसा रकाना नाही, पलीकडचा म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. (पासपोर्टचा विनोद मला त्या दिवशी चार जणांनी ऐकवला. कृपया कॉमेंटमध्ये पाचवा नको.)

संतोष एव्हाना घामाघूम झाला होता. मालकाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणाला. मी आणि काकांनी त्याला खाली पाठवून दिलं. मग काकांनी मला विचारलं की सापडला कोणाला असं लिहिणार? मी म्हटलं, मला. रस्त्यावर. काकांनी मान हलवली. मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं लिहिणार होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

साडेतीनला गाडी आली. ती आमच्यासाठी नव्हतीच. पलीकडच्या गाळ्यात धामण निघाली होती, तिच्यासाठी आली होती. मी धावत जाऊन त्या कर्मचाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, माझ्याकडे सापाची नोंद आहे, गरुडाची नाही. मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही राग येत होता. तो माणूस नोंदीचा कागद काढत म्हणाला, "मॅडम, सापाच्या ठिकाणी आणखी एक प्राणी मिळाला, असं मला लिहिता येतं."

तसं लिहिलं गेलं. गोणीत धामण, खोक्यात गरुड, मागच्या सीटवर सावंत काका आणि मी. हायवेनं बोरिवलीच्या बाजूच्या एका उपचार केंद्रात पोचायला दीड तास लागला. काका सगळा वेळ खोक्यावर हात ठेवून बसले होते आणि मालवणीत तिला काहीतरी सांगत होते.

केंद्रातल्या डॉक्टरबाई चहा अर्धवट टाकून आल्या. त्यांनी पट्टी सोडली, पंख उलगडला आणि पहिला प्रश्न विचारला की हा कोणी बांधला. हाड शाबूत होतं. मांजा मांसात खोल गेला होता, पण शिर वाचली होती. दोन दिवस पंख हलला असता तर ती पुन्हा उडली नसती, असं त्या म्हणाल्या. सहा आठवडे लागतील. पट्टी बांधणाऱ्यापर्यंत मी ते पोचवलं. संतोष फोनवर नुसतं "बरं" म्हणाला, पण फोन ठेवला नाही.

पुढचे नऊ आठवडे

वाटलं होतं प्रवास इथे संपला. खरा वैताग इथून पुढे.

डबी काढून ठेवली होती. परदेशी यंत्र, आत परदेशी सिमकार्ड. कोणीतरी कुठेतरी कळवलं आणि ती तपासणीसाठी गेली. कुठे, ते मला कधीच कळलं नाही. तपासणीचा अहवाल येईपर्यंत पक्षी सोडायचा नाही, असं ठरलं. मला जबाबासाठी चार वेळा बोलावलं, चारही वेळा वेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून. यात कॅमेरा आहे का? तुम्ही कझाकस्तानला कशासाठी गेला होता? ऑफिसात माझ्या रजा संपत आल्या.

आयगुलनं आपल्या खात्याचं पत्र पाठवलं, शिक्क्यासह, दोन दिवसांत. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या रक्षणासाठी देशोदेशींचा एक करार आहे. त्यात तिचा देश आहे, आपलाही आहे. त्याची प्रतही तिनं पाठवली. मी ते सगळं छापून एका टेबलावर ठेवलं. टेबलामागच्या गृहस्थांनी प्रामाणिकपणे पानं उलटली आणि विचारलं, "यात आमच्या ऑफिसचं नाव कुठे आहे?"

ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मला चहा पाजला. त्यांना खरंच वाटत होतं की नाव कुठेतरी असेल आणि ते सापडलं की सही करता येईल. बाहेर येऊन मी काकांना फोन केला आणि वीस मिनिटं नुसती आरडाओरड केली. काकांनी ऐकून घेतलं.

इकडे डॉक्टरबाईंचं वेगळंच गणित. पंख सहाव्या आठवड्यात भरला होता. आता रोज पिंजऱ्यात बसून तिचे स्नायू उतरत होते, आणि मार्च संपता संपता उत्तरेकडे जायची वेळ निघून जाणार होती. सातवा आठवडा गेला, आठवा गेला. त्यांनी लांबलचक पिंजऱ्यात तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत उडवणं सुरू केलं आणि वर दर सोमवारी एक पत्र लिहिलं. प्रत्येकात एकच वाक्य मोठ्या अक्षरात होतं, की उशीर झाल्यास पक्षी कायमचा इथेच राहील आणि त्याच्या खाण्यापिण्याची तरतूद करावी लागेल. मला वाटतं शेवटी त्या तरतुदीनंच काम केलं. नवव्या आठवड्यात परवानगी आली आणि सोबत डबी, लाखेचा शिक्का मारलेल्या पाकिटात.

डबी पुन्हा बांधायची कशी, हे आयगुलनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. डॉक्टरबाईंच्या हातात गरुड, माझ्या हातात फोन. आयगुलचं इंग्रजी मोडकं, नेटवर्क त्याहून मोडकं. पण त्या दोघी दहा मिनिटांनी बोलायच्याच थांबल्या. आयगुल स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवायची, डॉक्टरबाई तिथे पट्टी ओढायच्या, आणि आयगुल मान डोलवायची.

सोडायला संतोष आला होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. कांताबाई आल्या नाहीत, तिथे सरकारी माणसं असणार म्हणून. केंद्रामागच्या मोकळ्या टेकाडावर पेटीचं दार उघडलं. ती बाहेर आली, दहा पावलं चालली आणि बसून राहिली. पावणेदोन तास. हजर असलेले साहेब निघून गेले. मग वारा वाढला, तिनं पंख पसरले आणि काही न करताच वर गेली. बघता बघता ठिपका झाली. काका चष्मा पुसत होते, त्यामुळे नेमका तो क्षण त्यांनी पाहिला नाही, आणि यावरून ते अजून माझ्यावर चिडलेले आहेत.

पालघर, सुरत, कच्छ, असे ठिपके आले. मग बंद. पलीकडे त्या सिमला नेटवर्क नसतं, यंत्र जागा साठवून ठेवतं, आयगुलनं समजावलं. एप्रिल कोराच गेला. मे महिन्याच्या एका दुपारी मी ऑफिसात असताना साठलेले सगळे ठिपके एकदम आले. सिंध, मग डोंगर, मग आणखी डोंगर, आणि शेवटचे सगळे एका जागी, जिथे मी आयगुलबरोबर तीन दिवस फिरले होते, त्याच्या थोडं उत्तरेला.

लोक विचारतात, मग एवढं करून काय राहिलं? वैताग राहिला आहे, तो जाईल असं वाटत नाही. आजही तसाच पक्षी सापडला तर तेच पाच फोन करावे लागतील, याची मला खात्री आहे. तुम्हाला असा पक्षी सापडला तर त्याचा चेहरा कापडानं झाका, खोक्यात अंधारात ठेवा, आणि फोन लावत राहा. कोणीतरी कधीतरी सापासाठी येतं.

गेल्या रविवारी मी गोवंडीला गेले होते. आयगुलला कांताबाईंचा फोटो हवा होता, तिला तो आपल्या कामाच्या खोलीत लावायचा होता. कांताबाई नको म्हणाल्या. त्याऐवजी त्यांना तो पक्षी राहतो ती जागा बघायची होती. मी आयगुलनं पाठवलेला फोटो दाखवला, क्षितिजापर्यंत नुसतं गवत. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवला.

"झाड एक नाही," त्या म्हणाल्या. "मग बसतो कुठं?"

जमिनीवरच बसतो, मी सांगितलं. घरटंही जमिनीवर, एखाद्या उंचवट्यावर.

त्यांनी भिंतीपलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. त्यावर एक झाड नव्हतं.

"म्हणून इथं उतरला व्हय," कांताबाई म्हणाल्या, आणि मला चहा ठेवायला आत गेल्या.